आमचें वसंतवर्णन आणि सह्याद्रीची वाट

पावसाळा सोडला तर मराठी लेखकांनीं वसंताइतके लाड दुसऱ्या कोणत्याहि ऋतूचे केलेले आम्हांस आठवत नाहींत. फाल्गुन-चैत्राचा सुमार आला कीं मासिकांच्या पानांवर कोकिळा, आम्रमंजरी, मलयानिल, अशोक आणि भ्रमर हीं मंडळी ठरल्या वेळीं हजर होतात, आणि वैशाखांत तितक्याच शिस्तीनें निघून जातात. या लेखनाची भाषा पुष्कळदां गोड असते. कानाला कोठें खटकत नाहीं. तरी पण वाचून संपल्यावर आमच्या मनांत एक शंका येते, ती अशी कीं, हा लेखक त्या दिवसांत घराबाहेर पडला होता काय? आणि पडला असल्यास कोणत्या गांवीं गेला होता? पुण्याच्या, नागपूरच्या आणि रत्नागिरीच्या वसंतांत कांहीं भेद असेल असें या वर्णनांवरून कोणालाहि वाटणार नाहीं.

या शंकेच्या निरसनाचा एकच मार्ग आम्हांस दिसला. हीं वर्णनें घरीं ठेवावीं आणि फाल्गुनांत डोंगरची वाट धरावी. गेलीं कांहीं वर्षें आम्ही तसें करीत आलों आहों, आणि त्यावरून आमचें जें मत बनलें तें येथें मांडतों.

प्रथम ज्याच्यावर सारा दोष टाकण्याची पद्धत आहे त्याची बाजू पाहूं. कालिदासाच्या अनुकरणानें आमचें वसंतवर्णन सांचेबंद झालें असें म्हणतात. अनुकरणानें झालें हें खरें. कालिदासानें झालें हें खरें नव्हे. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गांतील वसंत हा हिमालयावर अकालीं अवतरलेला, मदनाच्या कामासाठीं आलेला वसंत आहे. तेथें अतिशयोक्तीला पूर्ण मुभा होती. तरीहि पळसाची न उमललेली कळी कोवळ्या चंद्रकोरीसारखी वांकडी असते, हें त्यानें टिपलें आहे. कर्णिकाराला रंग आहे पण गंध नाहीं, याची त्याला चुटपुट लागली आहे. पळसाची एक कळी हातांत घेऊन पाहावी. काळसर मखमली कोषांतून बाहेर आलेली ती केशरी कोर खरोखरच तशी वांकडी असते. हा कवि झाडाखालीं उभा राहिलेला होता, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. त्याच्या मागून आलेल्यांनीं त्याच्या फुलांची यादी तेवढी घेतली.

यादीनें काय घोटाळा होतो त्याचें उदाहरण म्हणून अशोक घ्या. 'मालविकाग्निमित्रां'त ज्याला मालविका पायानें स्पर्श करते तो सीतेचा अशोक; त्याच्या फांद्यांना वसंतांत केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ लागतात. शहरांतील शाळांच्या व कचेऱ्यांच्या आवारांत ज्याला आपण अशोक म्हणतों, तें सरळसोट, लोंबत्या पानांचें झाड सीताफळाच्या कुळांतलें आहे. त्याचीं फुलें हिरवट, बारीक, पानांत दडलेलीं. या झाडाखालीं बसून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनीं कालिदासाचा अशोक पाठ केला, आणि त्याला तांबडीं फुलें कां येत नाहींत असें विचारणारा एखादाच निघाला. अशोकाच्या नांवाशीं जोडलेलें फूल डोळ्यांसमोर नसलें तरी कविता करतां येते, हें आम्ही येथेंच शिकलों.

मग इंग्रजी शाळा आल्या आणि दुसरी यादी आली. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता आमच्या वयाच्या बहुतेकांस तोंडपाठ असेल. आमच्या वर्गांतील एका मुलानें हें फूल कसें असतें असें विचारलें, तेव्हां मास्तरांनीं क्षणभर विचार करून सांगितलें कीं, "पिवळें असतें; परीक्षेंत तेवढें लिहा." आम्ही तेवढेंच लिहिलें, आणि गुणहि मिळाले. त्या मास्तरांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं तरी तें कोठें पाहिलें असणार?

दुःख आहे तें वेगळ्याच गोष्टीचें. त्या कवितेच्या मागें एक खरीखुरी पायवाट आहे, हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं. १८०२ सालच्या एप्रिलच्या १५ तारखेला वर्ड्‌स्वर्थ व त्याची बहीण डॉरोथी हीं दोघें उत्तर इंग्लंडांतील अल्सवॉटर सरोवराच्या कांठानें पायीं घरीं परतत होतीं. वारा जोराचा होता. गोबॅरो पार्कच्या रानापाशीं त्यांना पाण्याजवळ प्रथम थोडीं फुलें दिसलीं. पुढें जातां जातां तीं वाढत गेलीं आणि शेवटीं कांठाकांठानें त्यांचा एक लांबच लांब पट्टाच लागला. हें सर्व डॉरोथीनें आपल्या रोजनिशींत त्याच क्रमानें लिहून ठेवलें. भावानें कविता केली ती १८०४ मध्यें, आणि छापली १८०७ मध्यें. तींत बहीण नाहीं, कवि एकटाच भटकतो आहे. रोजनिशी तर डॉरोथीच्या हयातींत छापली गेली नाहीं. कविता थोर आहेच. परंतु आम्हां मराठी वाचकांस दोहोंपैकीं एकच उसनें घ्यायचें होतें तर आम्हीं फुलाऐवजीं ती रोजनिशी घ्यावयास हवी होती. तारीख, वारा, वाट, आणि फुलें दिसलीं तो क्रम: एवढें सामान घेऊन कोणत्याहि देशांत वसंत पाहतां येतो. नुसतें डॅफोडिल घेऊन तो फक्त इंग्लंडांत पाहतां येतो.

कारण दोन देशांचा वसंत मुळांतच निराळा आहे. तिकडील रानांत झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वीं जमिनीवर ऊन पोंचतें. तेवढ्या अवधींत कंदांत सांठविलेल्या अन्नावर भुईवरचीं फुलें घाईनें फुलून घेतात. म्हणून तिकडे वसंतांत खालीं पाहत चालावें लागतें. आमच्या सह्याद्रींत भुईवरच्या फुलांचा काळ म्हणजे श्रावण, भाद्रपद आणि आश्विन. सड्यांवरची माती वीतभरहि खोल नसते. पाऊस ओसरला कीं ती वाळून जाते, आणि तत्पूर्वीं त्या इवल्या रोपांना उगवणें, फुलणें आणि बीं धरणें हें सारें उरकावें लागतें. फाल्गुनांत तेथें वाळलेलें गवत असतें, नाहीं तर वणव्याची राख. ज्याचीं मुळें खोल गेलेलीं तोच आतां फुलूं शकतो. झाडें पानें टाकून पाण्याचा खर्च कमी करतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. पानांचा आडोसा नसल्यानें तीं फुलें दुरून दिसतात, आणि ज्यांच्यासाठीं तीं असतात ते पक्षी दुरून येतात. आमच्या वसंतांत मान वर करून चालावें लागतें. एवढी साधी गोष्ट आमच्या वसंतवाङ्मयांत शोधून सांपडत नाहीं, आणि इंग्रजी वळणाच्या कवितांत तर चैत्रांत हिरवळ पसरलेली असते!

गेल्या फाल्गुनांत, होळीच्या आधींच्या रविवारीं, आम्ही दोन पुतणे व एक भाची यांना घेऊन कर्जतहून कोंडिवड्यास गेलों आणि तेथून कोंडाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीस चढलों. ही वाट पावसाळ्यांत गर्दीची असते. फाल्गुनांत आम्हांस दुपारपर्यंत वाटसरू असा एकच भेटला. कर्जतच्या शेजारींच पळसदरी नांवाचें स्टेशन आहे, आणि पळसाचें पहिलें झाड पुतण्यानें दाखविलें तेव्हां धाकट्या भाचीनें विचारलें, "मामा, स्टेशनचं नांव यावरूनच का?" आम्हीं होय म्हटलें, आणि मग वाटभर गांवांच्या नांवांचाच खेळ चालला. पळस, सावर, मोह, उंबर, चिंच: महाराष्ट्रांतील किती गांवांच्या नांवांत हीं झाडें ऐकूं येतात! ज्यांनीं हीं नांवें ठेवलीं त्यांना लिहितां येत नसेल, पण पाहतां येत होतें.

पायथ्याशीं काटेसावरीचा बहर ओसरत आला होता. एखादें जाड, मांसल, तांबडें फूल मधूनच धप्‌कन् खालीं पडे. वरच्या फांद्यांवर मात्र मैना, बुलबुल आणि कोतवाल यांची झुंबड होती. फुलाच्या पेल्यांत चोंच घालून वर आलेल्या मैनेचें कपाळ परागांनीं माखलेलें स्पष्ट दिसत होतें. ओढ्याच्या कडेला धायटीचीं झुडपें तांबड्या बारीक नळ्यांनीं भरलेलीं. त्याच्या पुढें कुसुंबाची नवी पालवी, जी दुरून पाहणारास फुलेंच वाटतात. आम्हांसहि वाटलीं, हें कबूल केलें पाहिजे. लेण्यांच्या अलीकडे करवंदीच्या जाळींतून वास आला. करवंदें आपण सर्वांनीं खाल्लेलीं असतात. त्याच जाळीवर त्यापूर्वीं दोन महिने पांढऱ्या चांदण्यांसारखीं सुवासिक फुलें असतात, हें मुलांना नवें होतें. करवंदीचा वास आमच्या किती कवितांत आला आहे? मलयानिल मात्र प्रत्येकींत वाहतो.

लेण्यांच्या वर एका ठिकाणीं वाट पांढऱ्या-गुलाबी केसरांच्या झुबक्यांनीं झांकून गेली होती. रंगाऱ्याचे लहान कुंचे कोणी तरी उधळून टाकावेत तसे ते दिसत होते. वर पाहिलें तर झाडावर एकहि उमललेलें फूल नव्हतें. आम्ही घोटाळ्यांत पडलों असतांना मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी ठाकरीण थांबली. तिला विचारलें, "मावशी, हें कशाचं फूल?" ती म्हणाली, "कुंभ्याचं. रातचं फुलतं, सकाळी गळतं. तुमी उशिरा आलां." एवढें बोलून ती निघून गेली. आम्हीं घरीं येऊन थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथांत, जो १९०१ ते १९०८ या काळांत निघाला, कुंभा काढून पाहिला. शास्त्रीय वर्णन चोख होतें. परंतु उशिरा आल्याची जाणीव जी त्या बाईनें दिली ती ग्रंथांत असणें शक्य नव्हतें, आणि ती जेथें असावयाची त्या आमच्या काव्यांत कुंभाच नाहीं.

येथें कोणी बालकवींचें नांव पुढें करील. 'फुलराणी'वर आमचें प्रेम आहे. पण ती कोणत्या झाडाची हें कवितेंत नाहीं, तें विचारणेंहि अरसिकपणाचें होईल, कारण तें रूपक आहे. शिवाय तिच्या भोंवतालची ओली हिरवळ पावसाळी आहे, आणि तेथपर्यंत बालकवि आमच्या मातीशीं प्रामाणिकच राहिले. तक्रार आहे ती त्यांच्यामागून आलेल्यांविषयीं, ज्यांनीं बिननांवाच्या फुलाचा धर्मच करून टाकला. पळसाची तर आम्हीं विचित्रच दशा केली. मराठी माणसाला पळस ठाऊक आहे तो म्हणींतला, तीन पानांचा. आणि तो पाहण्यासारखा होतो तेव्हां बहुधा त्याच्यावर एकहि पान नसतें. होळीच्या रंगासाठीं ज्यांनीं त्याचीं फुलें उकळलीं त्या बायाबापड्यांनाच तो पुरता कळला.

गद्यानें मात्र पद्याची कांहीं भरपाई केली. १९५६ सालीं निघालेलें दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' हें पुस्तक घेऊन झाडापाशीं उभें राहिलें तर पुस्तक खोटें पडत नाहीं. आम्हीं तें करून पाहिलें आहे. डॉ. शरदिनी डहाणूकरांची 'फुलवा'हि त्याच वाटेची. परंतु 'ऋतुचक्रा'ची स्तुति जितक्यांनीं केली तितक्यांनीं त्याचा कित्ता गिरविला असता, तर आम्हांला हा लेख लिहावा लागला नसता.

आतां प्रवासवर्णनांविषयीं थोडें. साताऱ्याजवळचें कासचें पठार २०१२ मध्यें पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत आलें, आणि तेव्हांपासून त्यावर लेखांचा पाऊस पडत आहे. तेथील फुलोरा भाद्रपद-आश्विनांतला; पण लेखकास फुलें दिसलीं कीं वसंत आठवल्याशिवाय राहवत नाहीं, आणि सप्टेंबरांतल्या चिखलांत तो ऋतुराजाचें स्वागत करूं लागतो. याचा एक व्यावहारिक परिणामहि होतो. फुलें म्हणजे कास, आणि कास म्हणजे सप्टेंबर, असें समजून मंडळी तेवढ्या चार रविवारीं तेथें लोटतात. फाल्गुनांतला डोंगर कोणी पाहत नाहीं. जें कोणी पाहत नाहीं तें जळालें तरी कोणाला कळत नाहीं. राजमाचीच्या वाटेवर एक अख्खा उतार आम्हांस काळाठिक्कर आढळला; नवें गवत चांगलें यावें म्हणून लावलेली आग कीं कोणाची फेंकलेली विडी, हें सांगणें कठीण. मधोमध एक जुना पळस बुंध्याशीं करपूनहि वर फुललेला होता. लहान रोपें मात्र त्या उतारावर एकहि उरलें नव्हतें.

ज्यांना राजमाचीची चढण झेपणार नाहीं त्यांनीं माथेरानास जावें. तेथें मोटारींना बंदी असल्यामुळें वृद्धांना व मुलांना सावलींतून निर्धास्त चालतां येतें, आणि आमच्या वसंतांतील एक विलक्षण झाड तेथें पावलोपावलीं आहे. अंजनी हें तिचें नांव. माथेरानास दर वर्षी जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांना तें ठाऊक नाहीं. फाल्गुन-चैत्रांत तिच्या फांद्यांवर, पानांच्या बगलेंत, निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक गुच्छ इतके दाट येतात कीं लांकडालाच निळी बुरशी आली कीं काय असें वाटावें. मराठी कवितेंत निळा वसंत आम्ही अद्याप वाचला नाहीं. चैत्र उलटून उन्हें चढलीं कीं कुसरीच्या वेलाचीं पांढरीं फुलें, कुडा, मग बहावा आणि तामण असा क्रम लागतो. पण तो सांगत बसण्यापेक्षां ज्यानें त्यानें पाहून लिहावा हें बरें.

राजमाचीहून परत आल्यावर भाचीनें आपल्या वहींत त्या दिवसाची नोंद केली. ती आम्हीं चोरून वाचली. तारीख आहे, वारा नव्हता असें लिहिलें आहे, झाडें ज्या क्रमानें भेटलीं त्या क्रमानें आहेत. कुसुंबाची पालवी फूल म्हणून लिहून मग खोडली आहे. शेवटीं लिहिलें आहे कीं, कुंभा पाहायला पुढच्या वर्षी रात्रीं वर मुक्काम करायचा, मामांना सांगायचें. आम्हांस तिनें अद्याप सांगितलेलें नाहीं, परंतु उधेवाडींत उतरण्याची सोय होते कीं नाहीं याची चौकशी आम्हीं करून ठेवली आहे.