‘ने’ म्हणजे होय कीं नाहीं?

नुसत्या ध्वनिसाम्यावरून भाषांचीं नातीं जुळविण्याची हौस आपल्याकडे बरीच जुनी आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले, कीं एक दुसऱ्यापासून निघाला असा निकाल देऊन लेखक मोकळे होतात. या पद्धतीची परीक्षा घेण्यास युरोपांतील ‘ने’ हा एकाक्षरी शब्द पुरेसा आहे, असें आम्हांस वाटतें.

बल्गेरियांत ‘ने’ म्हणजे नाहीं. सीमा ओलांडून ग्रीसमध्यें आलें, कीं ‘ने’ म्हणजे होय! हे दोन शब्द शेजारी खरे, पण सोयरे नव्हेत. ग्रीक ‘ने’ हा ‘नाइ’ या प्राचीन निश्चयवाचक अव्ययाचा आजचा उच्चार. ‘इलियड’मध्यें अकिलीस राजदंडाची शपथ वाहतो, ती याच अव्ययानें. त्यांतील संयुक्त स्वराचा पुढें ‘ए’ झाला, आणि हा होकार योगायोगानें शेजाऱ्याच्या नकारासारखा ऐकूं येऊं लागला. उलट बल्गेरियन, सर्बियन, चेक या भाषांतील ‘ने’ आपल्या ‘न’चा खरा भाऊबंद आहे.

फ्रेंच ‘ने’ची कथा निराळी. तो लॅटिन ‘नोन’चा झिजलेला अवशेष, आणि ‘नोन’ म्हणजे मुळांत ‘ने’ अधिक ‘एक’, अर्थात् ‘एकही नाहीं’. नकाराला जोर यावा म्हणून ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ त्याच्या सोबतीस आला. आज बोलतांना ‘ने’ बहुधा गळतो, आणि सोबत्यालाच सारा नकार वाहावा लागतो. पोर्तुगीज बोलण्यांतील ‘ने’ हा तर ‘नाहीं का?’ अशा प्रश्नाचा संक्षेप आहे. नकारांतून जन्मून तो होकार मागतो. आपल्या ‘येशील ना?’ मधला ‘ना’ तरी दुसरें काय करतो?

केवळ कानावर विसंबणारा व्युत्पत्तिकार ग्रीक होकाराला आपल्या ‘न’च्या घरांत आणून बसवील. पण इंग्रजी ‘नॉट’ हा ‘कांहींही नाहीं’ अशा अर्थाच्या जुन्या जोडशब्दाचा संक्षेप असून त्याच्या आरंभीं हाच ‘ने’ दडला आहे, हें त्याच्या ध्यानांतही येणार नाहीं. परक्याला आप्त म्हणावें आणि आप्ताला ओळखूं नये, असा हा दुहेरी दोष आहे. अशा लेखांनीं भाषाभिमान सुखावतो, पण जिज्ञासु विद्यार्थी फसतो. शब्दाचें कूळ सांगण्यापूर्वीं त्याचीं जुनीं रूपें आणि त्या भाषेंतील ध्वनिपरिवर्तनाचे नियम तपासावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. तितके कष्ट नको असतील, तर लेखकानें तो विषयच सोडून द्यावा हें बरें.