तापलेल्या देहाचे चित्र

पेट स्कॅनच्या अहवालाबरोबर एक उभे चित्र येते. पांढऱ्या भूमीवर करड्या-काळ्या छटांत उमटलेला अख्खा देह. त्याला चेहरा नाही, कातडी नाही. जिथे साखर जास्त ओढली जाते तिथे काळे, कमी तिथे फिकट. एवढ्या एकाच नियमावर हे चित्र उभे असते, तरी ते नीट वाचता यायला वर्षे लागतात. त्यातून अंगात ताप असला तर चित्राचा सगळा पोतच बदलतो. असे चित्र बिघडलेले म्हणून बाजूला सारावेसे वाटते. पण ते सावकाश पाहिले, तर देह आजाराशी कसा झुंजतो हे त्याच्याइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे चित्र क्वचितच सापडेल.

आधी या चित्राची शाई पाहू. तिचे नाव एफडीजी. ग्लुकोजच्या रेणूतला एक कोपरा काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन-१८ बसवलेला असतो. पेशी तिला साखर समजून आत घेते, पचनाचा पहिला टप्पाही पार पाडते. पुढचा टप्पा मात्र या रेणूला जमत नाही आणि तो तिथेच अडकतो. अडकलेल्या अणूतून निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. यंत्र त्यांची जोडी टिपते. या शाईचे आयुष्य तोकडे: दर ११० मिनिटांनी तिची किरणे निम्मी होतात. म्हणून हे फ्लोरीन घडवणाऱ्या सायक्लोट्रॉनमधून निघालेली कुपी घड्याळाशी शर्यत लावत रुग्णालयात पोचवावी लागते. माणसाला एफडीजी पहिल्यांदा टोचले गेले ते १९७६ साली, फिलाडेल्फियात. भारतात वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅन २००२ साली आले, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. आज ही तपासणी वडोदऱ्यासारख्या शहरातही होते.

निरोगी देहाच्या चित्राला स्वतःची एक चाल असते. मेंदू गडद काळा, कारण त्याची भूक जवळजवळ सगळी साखरेवरच भागते. मूत्रपिंडे आणि मूत्राशय काळे, कारण खरी साखर मूत्रपिंड परत रक्तात घेते, एफडीजीला मात्र वाहून जाऊ देते. हृदय कधी काळे, कधी जवळजवळ अदृश्य. उपाशी हृदय चरबीवर चालते. यकृत मध्यम करडे, आणि बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी. प्लीहा यकृताहून किंचित फिकी. मणके, छातीचे हाड, कमरेची हाडे यांच्यातली मज्जा तर शोधावी लागते, इतकी मंद.

आता समजा, समोरचे चित्र वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीतल्या रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचे आहे. महिन्याभरापूर्वी ताप सुरू झाला, रक्ताच्या तपासण्यांतून काही हाती लागले नाही, म्हणून त्याला शहरात आणून पेट स्कॅन केला. चित्रावर नजर टाकताच पहिली गोष्ट जाणवते ती कण्याची. एरवी पुसट असणारे मणके एकाखाली एक ठसठशीत उमटले आहेत. कमरेची हाडे, मांड्यांच्या हाडांची वरची टोके, दंडांच्या हाडांचे खांद्याकडचे भाग, सगळीकडे तीच गडद छटा, डावी-उजवीकडे सारखी. प्लीहा गडदपणात यकृताच्या पुढे गेली आहे. आजाराचा ठिपका शोधायला निघालेल्या डोळ्याला इथे आधी सबंध सांगाडा दिसतो.

असे का होते? संसर्गाची किंवा दाहाची चाहूल लागली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांसारखी प्रथिने रक्तात सोडतात. ती दोन ठिकाणी एकाच वेळी कामाला लागतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर त्यांच्या परिणामाने प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि देहाच्या तापमानाची मर्यादा वर सरकते. हा आपल्याला कळणारा ताप. तिकडे मज्जेला नव्या पांढऱ्या पेशी घडवण्याचा हुकूम जातो, आणि घडण म्हटली की साखर आली. चित्रातला काळा कणा म्हणजे मज्जेतली ती लगबग. साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर थर्मामीटरवरचा पारा आणि हा कणा हे दोन्ही अनुभाव, म्हणजे बाहेर उमटलेल्या खुणा; विभाव, म्हणजे त्यांचे कारण, अजून शोधायचे आहे.

यातली बारीक जागा मला सर्वांत मोलाची वाटते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन आटवते, मर्यादा खाली आणते, घाम येऊन अंग निवते. मज्जेला गेलेला हुकूम मात्र त्याने मागे फिरत नाही. सकाळी गोळी घेऊन आलेल्या माणसाचे अंग सुईच्या वेळी थंड असेल, ‘ताप नाही’ असे कागदावर लिहिले जाईल, आणि तरीही चित्रातला कणा काळाच उमटेल. थर्मामीटर त्या क्षणाचे बोलतो. मज्जा गेल्या काही दिवसांचे बोलते.

चित्राचे इतर प्रांतही तापाने हलतात. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की देहाचा एकूण ऊर्जाखर्च ढोबळमानाने १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. थंडी वाजून हुडहुडी भरली तर स्नायू साखर ओढू लागतात. सुईनंतर साधारण तासभर माणसाला पांघरूण देऊन, न बोलता, न हलता पडून राहायला सांगतात ते म्हणूनच. तो तास म्हणजे शाई मुरण्याचा वेळ, आणि त्यात झालेली हालचालही चित्रात उतरते. खोकणाऱ्याच्या बरगड्यांमधले स्नायू, सतत बोलणाऱ्याचा घसा असे त्यात उमटलेले असतात. आजाराच्या ताणाने रक्तातली साखरही वाढू शकते. मग खरी साखर आणि एफडीजी पेशीच्या एकाच दारावर गर्दी करतात आणि खरोखरचा आजारी भागही फिका दिसू शकतो. मज्जा, प्लीहा, स्नायू यांनी शाईचा मोठा वाटा उचलला, तर मेंदूही नेहमीइतका गडद उरत नाही.

म्हणून काळे म्हणजे कर्करोग, असे वाचणारा या चित्रावर अन्याय करतो. हाच काळा कणा केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन घेतलेल्या माणसातही दिसतो, रक्तक्षयातही दिसतो. रक्ताचा कर्करोग मज्जेत सर्वत्र पसरला तर तोही असाच दिसू शकतो. छटा सर्वत्र सारखी असेल तर मन दाहाकडे झुकते. मधेच एखादा मणका इतरांहून वेगळा, तुटक आणि अधिक गडद असेल तर शंका बळावते. झुकणे आणि खात्री यांतले अंतर सुईने काढलेला तुकडाच भरून काढतो. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि कर्करोगाची गाठ या चित्रात एकमेकींसारख्या दिसतात, हे तर रोजचेच. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या कितीतरी जणांच्या काखेतल्या गाठी अशाच काळ्या उमटल्या, आणि कुठल्या दंडाला, कधी लस घेतली हे विचारणे स्कॅनच्या खोलीत सवयीचे झाले.

नंदेसरीच्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: काम काय करता? जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचे वेल्डिंग करताना धूर छातीत गेला, तर काही तासांत थंडी वाजून ताप चढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढतात, आणि एक-दोन दिवसांत सगळे निवळते. यात जंतू कुठेच नसतो. वर्षानुवर्षे सिलिकाची धूळ ओढलेल्या फुप्फुसातल्या गाठीही एफडीजी ओढतात. रोजीरोटीची अशी खूण चित्रात असते. ती वाचायला वाचणाऱ्याला माणसाची हकिगत ठाऊक असावी लागते.

आणि तरीही ताप हाच प्रश्न असतो तेव्हा याच चित्राचे खरे सामर्थ्य उलगडते. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी १९६१ साली कारण न सापडणाऱ्या तापाची व्याख्या केली: ३८.३ अंशांच्या वर, तीन आठवड्यांहून जास्त, रुग्णालयात आठवडाभर शोधूनही निदान नाही. अशा वेळी काळ्या कण्यापलीकडे थांबून पाहणाऱ्याला काही तरी गवसू शकते: महाधमनीची भिंत रेघेसारखी काळी उमटलेली, म्हणजे रक्तवाहिनीचा दाह, छातीच्या मध्यभागी गाठींचा पुंजका, म्हणजे क्षय किंवा लिम्फोमा, एका मणक्याच्या चकतीशी गडद डाग, म्हणजे तिथे रुजलेला संसर्ग. तुकडा काढायची सुई नेमकी कुठे टोचायची, हे चित्र सांगते. स्टेरॉइड सुरू केल्यावर मात्र दाह झाकला जातो आणि या खुणा पुसट होतात, म्हणून शक्य असेल तर स्कॅन आधी करतात.

म्हणजे ताप एका ठिकाणी अडथळा, तर दुसऱ्या ठिकाणी तोच वाटाड्या. कर्करोगाचा उपचार किती लागू पडला हे पाहायचे असेल आणि घाई नसेल, तर ताप उतरून काही दिवस जाऊ द्यावेत. तापाचेच मूळ शोधायचे असेल तर ताप जिवंत असतानाच स्कॅन करावा. कोणता मार्ग धरायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्यासाठी लागणारे अर्धे साहित्य घरच्यांकडे असते. ताप कधी चढतो, किती चढतो, कोणती गोळी किती वाजता घेतली, लस कधी घेतली, काम कसले, हे सगळे एका कागदावर लिहून स्कॅनच्या खोलीत न्यावे. यंत्र छटा मोजते. त्यातली कोणती छटा आजाराची आणि कोणती आजाराशी लढणाऱ्या देहाची, हा निवाडा त्या कागदावाचून लंगडा राहतो.