यादीतल्या तीन यमुना

अभिजात मराठी कादंबऱ्यांची यादी करणे ही फारशी अवघड गोष्ट नव्हे. कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथाचे बोट धरावे, त्याला पुढील दशकांची पुरवणी जोडावी, की यादी सिद्ध झाली. अवघड आहे ते ती यादी क्रमाने, मधले एकही पुस्तक न गाळता, आणि चारचौघांत बसून वाचणे. हैदराबादेतील आम्ही काही मराठी व कोंकणीभाषक मंडळींनी हा उद्योग आरंभिला आहे आणि तो अजून अर्ध्यावरही आलेला नाही. त्या उद्योगाचे इतिवृत्त देण्याचा येथे हेतू नाही. क्रमाने वाचू लागल्यावर एक गोष्ट नजरेत भरली, तेवढीच वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

तत्पूर्वी आमच्या वाचनाच्या रीतीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबादेतील मराठी माणसाच्या पाठीशी असलेला मराठी मुलूख त्याच्यापासून दूर झाला. विवेकवर्धिनीसारखी शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद व तिचे 'पंचधारा' यांनी भाषेचा दिवा येथे तेवत ठेवला, हे कोणीही मान्य करील. तथापि सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील जुन्या घरांतून आज जी तरुण पिढी वाढते आहे ती मराठी बोलते, ऐकते, पण तीनशे पानांचे मराठी पुस्तक हाती धरून एकटीने तडीस नेणे तिच्या आवाक्यातले राहिलेले नाही. कोंकणी घरांची गोष्ट आणखी निराळी. तेथे बोलावयाची भाषा एक आणि ग्रंथाची भाषा दुसरी, हा शिरस्ता पिढ्यान् पिढ्यांचा. म्हणून एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे असे ठरले. देवळाच्या सभामंडपात चातुर्मासात पोथी लागते, वाचणारा वाचतो, ऐकणारा मध्येच थांबवून शंका विचारतो, तीच ही रीत. पोथीच्या जागी कादंबरी आली, एवढाच काय तो फरक.

तो फरक लहान नाही, हे पहिल्याच पुस्तकाने सिद्ध केले. क्रमाने वाचावयाचे तर आरंभ बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने करावा लागतो. वर्ष 1857. लेखक बेळगावच्या कासार घराण्यातला, 1854 साली ख्रिस्ती झालेला. कादंबरीची नायिका एक हिंदू स्त्री, जी शेवटी ख्रिस्ती होते. देवळाच्या आश्रयाने एकत्र येणाऱ्या समाजाने आपल्या वाचनाचा श्रीगणेशा या ग्रंथाने करावा काय, हा प्रश्न उपस्थित झाला, आणि तो रास्तही होता. 'ही कादंबरी नव्हेच, धर्मप्रचाराची पुस्तिका आहे. सोडून द्या आणि हरिभाऊंपासून सुरुवात करा,' असे म्हणणारे आमच्यांत होते. टीकाकारांतही या मताचे लोक कमी नाहीत.

प्रस्तुत लेखकाच्या मते या पुस्तकाकडे पाहण्याची किल्ली त्याच्या पूर्ण नावात आहे. 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे ते नाव. 'निरूपण' हा शब्द कीर्तनकाराचा आहे, पाद्र्याचा नव्हे. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासास निघतात, गावोगावी एकेक विधवा भेटते, तिची कहाणी ते ऐकतात, त्यावर दोघांचे बोलणे होते आणि पुढचा मुक्काम येतो. आख्यानामागून आख्यान, मध्ये मध्ये विवरण. पदमनजींनी धर्म सोडला, पण गोष्ट सांगण्याचे घराणे त्यांस सोडता आले नाही. शेवटचे धर्मांतर हा या ग्रंथाचा सर्वांत दुबळा भाग होय. तेथे गोष्ट संपून उपदेश सुरू होतो, आणि ऐकणाऱ्यांस ते तत्काळ कळते. परंतु विनायक अपघातात दगावतो आणि आजवर इतर विधवांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच त्या रांगेत जाऊन बसते, ते स्थळ मराठी कादंबरीतले पहिले खरे कादंबरीमय स्थळ आहे. श्रोता आख्यानातले पात्र होतो. असले धैर्य पुढच्या तीस वर्षांत कोणी दाखविले नाही.

त्या तीस वर्षांविषयी थोडक्यात. हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' (1861) अद्भुताच्या हव्यासापायी आज ऐकवत नाही. तिचे वाचन आम्ही पुरे केले ते केवळ नियम म्हणून. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (1871) ठसठशीत आहे, तिच्यात किल्ला आहे, शिवकाल आहे आणि भाषा भारदस्त आहे. गुंजीकर आपल्यातले, 'सरस्वतीमंडळ'कर्ते, म्हणून 'मोचनगड'ला दोन गुण अधिक द्यावेत अशी सूचना प्रेमाने आली. पण जातभाईंस सवलत देऊ लागलो तर यादी यादी राहणार नाही, पानसुपारीचे आमंत्रण होईल.

आणि मग 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक 1890 साली काढले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. नायिकेचे नाव यमू, म्हणजे यमुनाच. 'यमुनापर्यटना'नंतर लागलीच ती वाचावयास घेतल्यावाचून या नामसाम्याचा अर्थ उलगडत नाही. हरिभाऊंनी ते बुद्ध्या योजिले, असे म्हणण्यास मजजवळ काही आधार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की ती आपसांत बोलू लागतात.

विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला 1856 साली. 'यमुनापर्यटन' त्याच्या पुढच्याच वर्षाचे. पदमनजींच्या यमुनेस घराबाहेर एक वाट दिसते. ती वाट आपणांस रुचो वा न रुचो, वाट आहे. तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर हरिभाऊंची यमू आपली हकीकत स्वतः सांगू लागते, तेव्हा कायदा पुस्तकात सुखरूप असतो आणि यमूचे केशवपन होते. तिला जीव लावणारा, तिच्या बाजूने उभा राहणारा दादा असूनही होते. यमुना ही यमाची बहीण. यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, ती भावाला जेवू घालते ही कथा आपण सारे जाणतो. या कादंबरीत भाऊ आहे, भावाचे प्रेम आहे, शिक्षण आहे, सुधारकी मते आहेत, आणि बहिणीच्या मस्तकावरचा वस्तरा मात्र अडवला जात नाही. कायद्याचा शब्द माजघराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबतो, हे हरिभाऊंनी जसे दाखविले तसे कोणत्याही निबंधाने दाखविले नाही.

येथे सामुदायिक वाचनाचा गुण विशेष प्रत्ययास आला. एकट्याने वाचताना ही कादंबरी लांबलेली वाटते. टीकाकारांनी तिचा पाल्हाळ दोष म्हणून नोंदविला आहे. मोठ्याने वाचली की तो पाल्हाळ राहत नाही. यमूचे बोलणे हे माजघरातल्या बाईचे बोलणे आहे. ती थांबते, मागे जाते, तेच पुन्हा सांगते, कारण समोर कोणीतरी ऐकत बसले आहे हे तिने धरून ठेविले आहे. दर आठवड्याला येणाऱ्या अंकासाठी लिहिलेल्या या कादंबरीने श्रोत्यांची सोय प्रथम पाहिली आणि एकाकी वाचकाची नंतर. आमच्यांतील वयस्क स्त्रियांनी वाचन थांबवून आपापल्या घरातल्या आलवण नेसणाऱ्या आजी, आत्या यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या दिवशी पुस्तकाची तीनच पाने झाली. त्याहून चांगली बैठक आजवर झालेली नाही.

वामन मल्हारांच्या 'रागिणी'वर यानंतर बरेच दिवस गेले. 'काव्यशास्त्रविनोद' हे तिचे दुसरे नाव ती अक्षरशः पाळते. पात्रे वेदान्तावर वाद करतात आणि श्रोतेही त्यांत उतरतात. वाद गोड आहे, पण अनेकदा कथेस विसरून होतो. तिजविषयी एवढे पुरे, कारण मला त्वरेने तिसऱ्या यमुनेकडे जावयाचे आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची 'ब्राह्मणकन्या' 1930 साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, 1931 मध्ये, हैदराबादेस भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध करणारा पुरुष म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. कादंबरीकार म्हणून मात्र त्यांच्याविषयी बोलताना टीकाकार घसा साफ करतात. रचना विस्कळित, भाषा रुक्ष, पात्रे म्हणजे चालतेबोलते सिद्धांत, असा एकंदर निवाडा. हे सर्व आरोप खरे आहेत. आणि तरीही यादीतल्या पहिल्या पाऊणशे वर्षांत 'ब्राह्मणकन्या' हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, असे माझे मत आहे.

तिच्या नायिकेचे नाव कालिंदी. कलिंद पर्वतापासून निघाली ती कालिंदी, म्हणजे पुन्हा यमुनाच. बाप सुशिक्षित ब्राह्मण, पण आईची आई एका गृहस्थाची रक्षा. तेव्हा ही मुलगी ब्राह्मण की नव्हे, आणि तिचे लग्न करावयाचे कोणाशी? समाजापाशी उत्तर नाही. कालिंदी रडत बसत नाही. ती लिंगायत व्यापारी शिवशरणप्पाच्या घरी विवाहावाचून राहावयास जाते, तिला मूल होते. पुढे ते घर सोडून ती मुंबईस येते आणि अखेर मजूरचळवळीतील रामरावाशी विवाह करते. पहिल्या यमुनेविषयी लेखकाने करुणा मागितली, दुसरीने 'लक्षात कोण घेतो' म्हणून विचारले. तिसरी विचारते ते निराळेच : माझ्यासारखीला तुमच्या शास्त्रात जागा कोणती? प्रश्न दयेचा राहिला नाही, नियमाचा झाला. म्हणूनच या कादंबरीत वैजनाथशास्त्री नवी स्मृती रचावयास बसतात. आपट्यांच्या घरात सरकारचा कायदा शिरू शकला नाही, ते केतकरांनी ओळखले आणि म्हटले, तर मग कायदा घरातूनच, स्मृतीच्या रूपाने, निघू द्या.

आपल्या वाचकांस हा विचार परका वाटू नये. केतकरांच्या पत्नी एडिथ कोहन या जर्मन ज्यू. त्यांचा व्रात्यस्तोमविधी होऊन त्या शीलवती केतकर झाल्या. पदमनजींच्या यमुनेला घर सोडावे लागले. केतकरांनी घराचे दार आतून उघडण्याचा विधी जुन्या ग्रंथांतच शोधला. कोणी म्हणेल, हे चरित्र झाले, कादंबरी कोठे आहे? पण 'ब्राह्मणकन्या' चारचौघांत वाचून पाहावी. ज्या रुक्ष चर्चा एकट्या वाचकाच्या डोळ्यांवर झापड आणतात त्यांच्यावर बैठकीत आवाज चढतात. हिशेबतपासनीस म्हणून आयुष्य काढलेले आमच्यांतील एक सद्गृहस्थ, जे एरवी कादंबरीस केवळ सोबत म्हणून येतात, वैजनाथशास्त्र्यांच्या बाजूने तासभर भांडले.

त्याच सुमारास ना. सी. फडके 'जादूगार', 'दौलत' लिहीत होते आणि 'प्रतिभासाधना'तून लेखनाच्या तंत्राचे पाठ देत होते. फडक्यांचे वाक्य घासूनपुसून लखलखीत, प्रसंगाची गुंफण निर्दोष. वाचन रंगते, वेळ सुखाचा जातो, आणि पुस्तक मिटल्यावर बोलावयास काही उरत नाही. चहा लवकर होतो. कलेच्या तराजूत फडके जड आणि केतकर हलके, हा निकाल एकट्याने वाचणाऱ्यांचा आहे. बैठकीत पारडे फिरते. कोणता तराजू खरा याचा वाद येथे नको. पण यादी करणाऱ्यांनी आजवर एकच तराजू वापरला, हे नमूद करावयास हवे.

'रणांगण', 'बळी', 'फकिरा', 'कोसला', रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' अशी पुढची मोठी वाट अद्याप चालावयाची आहे. यादीत एक भर मात्र आम्ही आताच घातली. दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' ही 1981 सालची कोंकणी कादंबरी मूळ कोंकणीतच वाचावयाची, असे ठरले आहे. 1983 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि लेखकास पुढे ज्ञानपीठही मिळाले. नायिका गोव्याची कॅथलिक स्त्री, पोटासाठी कुवेतला घरकाम करावयास गेलेली, लेखक हिंदू. पदमनजींच्या ग्रंथात ख्रिस्ती लेखकाने हिंदू बाईचे दुःख सांगितले होते, येथे पारडे नेमके उलटे आहे. आणि येथे शेवटी कोणाला कोणाच्या धर्मात नेण्याची घाई नाही. वाचनाची पाळी कोंकणी घरातल्या दोन तरुणींनी मागून घेतली आहे. मराठी मंडळींनी शब्द अडला तर विचारावयाचे, पण पान संपल्यावर, असा त्यांनी दंडक घातला आहे.