लाल डोळे, कापलेला आवाज

फ्लोरिडातल्या अॅलिगेटर-शिकारीचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने सापडतात. साचा ठरलेला. काळोखी दलदल, डोक्याला दिवे बांधलेली तीन-चार माणसं, एअरबोट, पाण्यावर दोन लाल डोळे. मग आरडाओरडा, खळबळ, आणि शेवटी मेलेल्या जनावरामागे बसून काढलेला फोटो. थंबनेलवर ‘मॉन्स्टर’ हा शब्द हमखास. मी असे बरेच पाहिलेत. आधी थरार म्हणून पाहिले, नंतर यात काय दाखवलं जात नाही ते शोधायला.

पहिला जातो तो आवाज. एअरबोटचा पंखा पाण्याखाली नसतो, बोटीच्या मागे जाळीच्या पिंजऱ्यात हवेत फिरतो. त्याला विमानाचं किंवा मोटारीचं इंजिन असतं. तळ सपाट, त्यामुळे बोट वीतभर पाण्यातून आणि गवतावरूनही जाते. पण गोंगाट इतका, की बसलेल्यांना कान झाकावे लागतात. व्हिडिओत तिथे गिटार वाजते. मग इंजिन बंद झाल्यावर पडणारी शांतताही आपल्याला ऐकू येत नाही, आणि खरी शिकार सुरू होते ती त्या शांततेत.

दुसरं जातं ते मोजमाप. डोळे लाल दिसतात ते आतल्या परावर्तक थरामुळे, मांजराचे रात्री चमकतात तसेच. शिकारी त्या डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंतचं अंतर नजरेने मोजतो. जितके इंच, साधारण तितके फूट जनावराची लांबी. लहान असेल तर सोडून द्यायचं. हे बघणं आणि सोडणं हाच रात्रीचा मोठा भाग, पण एडिटिंगमध्ये त्याला दोन सेकंद मिळतात.

तिसरा जातो कायदा. इथे लांबून बंदूक चालवता येत नाही. हार्पून, फास, गळ किंवा दोर लावलेला क्रॉसबोचा बाण वापरून जनावर आधी दोराला अडकवायचं, बोटीशी ओढायचं, मग काठीच्या टोकाला काडतूस बसवलेल्या ‘बँगस्टिक’ने अगदी जवळून मारायचं. म्हणजे मारणाऱ्याला मरणाऱ्यापर्यंत जावंच लागतं. नियमाने लादलेली ही जवळीक कॅमेरा शौर्य म्हणून विकतो.

याच्या शेजारी हिस्टरी चॅनेलची ‘स्वॅम्प पीपल’ ही मालिका ठेवून बघा. २०१० साली सुरू झालेली, लुईझियानातली. तिथे पाण्यावर आमिषाचे गळ टांगून ठेवतात आणि दिवसा फिरून बघतात. नाटकीपणा तिच्यातही भरपूर आहे. पण हंगाम संपायच्या आत हातातले टॅग संपतील का, ही धास्ती प्रत्येक भागात असते. शिकार हा कुणाच्या तरी घराचा खर्च आहे, हे तिने कापलेलं नाही. म्हणून ती मला जास्त प्रामाणिक वाटते.

हे टॅग महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत १९६७ साली अॅलिगेटर धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला, १९८७ साली बाहेर आला. १९८८ पासून फ्लोरिडाने लोकांसाठी शिकारीचे परवाने सुरू केले. एका परवान्यावर दोन टॅग, म्हणजे दोनच जनावरं. माणसाने जवळजवळ संपवलेला आणि मग कायद्याने जपलेला हा प्राणी आज हिशोबाने मारला जातो. ही गोष्ट ‘मॉन्स्टर’पेक्षा कितीतरी अवघड आणि रंजक आहे.

तुम्ही म्हणाल, मनोरंजन आहे, सोडून द्या. पण सांगलीच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झाले आहेत. आपल्याकडे मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ज्याच्या घरचं कुणी रोज नदीवर जातं, त्याने रात्री फोनवर हा व्हिडिओ पाहिला तर ‘हे असं करायला हवं’ असं वाटणं अगदी साहजिक. त्याची भीती खरी आहे. पण त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त हार्पून. मोजणी, टॅग, वीस वर्षांची वाट हे सगळं आधीच कुणीतरी कापून टाकलेलं असतं.