आपोआप लागणारं कुलूप

बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, यातच त्याची अब्रू आहे. म्हणून आपोआप लागणाऱ्या कुलपाकडे मी जरा तिरक्या नजरेनंच बघतो.

अमेरिकेत आर्थर वॉर्न या गृहस्थांनी १९४८ साली जीपसाठी हातानं फिरवायचा लॉकिंग हब काढला. रस्ता चांगला असला की पुढची चाकं इंजिनापासून मोकळी. चिखल दिसला की खाली उतरा, दोन्ही चाकांवरच्या चकत्या फिरवा. बूट भरतात, पण खात्री असते.

पुढं ऑटोमॅटिक हब आला. मालकानं बसल्या जागी लिव्हर ओढायची. आतला दांडा फिरला की हब स्वतःच जोडला जातो. वा! पण सोडवायचा तर गाडी चार हात मागं घ्या. बरं, रुतलेली गाडी मागं-पुढं झुलवावी लागते. नेमकी तेव्हाच जुन्या धर्तीची ही स्वारी सुट्टी झाली समजून जोड सोडते!

पथ्यपाणी तर विचारू नका. पाणी-माती शिरली की अडकतो, ग्रीस जास्त झालं तरी रुसतो. उघडून पुसा, पातळ हात फिरवा, महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर जोडून चालवा. हाताच्या हबालाही निगा लागतेच. पण त्याचं दुखणं बोटांना आधी कळतं, ऑटोमॅटिकचं खड्ड्यात गेल्यावर.

१९८०च्या दशकातल्या फोर्ड रेंजरच्या कित्येक मालकांनी शेवटी ऑटोमॅटिक काढून हाताचाच बसवला. ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर, ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली’ हा शेरा त्यालाच मिळतो.