एका निकालपत्राचें परीक्षण

निकालपत्र हा वाङ्मयाचा प्रकार मानावा कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद होईल. परंतु ग्रंथपरीक्षणाचीं जीं साधीं मापें आपण नेहमीं वापरतों, म्हणजे लेखकापुढें प्रश्न कोणता होता, त्यानें उत्तर कोणत्या प्रश्नाचें दिलें, आणि शब्दांचा अर्थ कितपत काळजीनें लावला, तीं निकालपत्रासही लावण्यास हरकत नसावी. मलेशियाच्या फेडरल न्यायालयानें ३० मे २००७ रोजीं लीना जॉय यांच्या अपिलांत दिलेला निकाल आम्हीं या दृष्टीनें वाचून पाहिला. आणि त्या वाचनानें मनाला जी अस्वस्थता आली, ती वाचकांपुढें मांडावी असें वाटलें.

प्रकरण थोडक्यांत असें. लीना जॉय यांचें पूर्वीचें नांव अझलिना जैलानी. मुसलमान मलायी आईबापांच्या पोटीं १९६४ सालीं त्यांचा जन्म झाला. पुढें त्यांनीं ख्रिस्ती धर्म पत्करला व १९९८ सालीं बाप्तिस्मा घेतला. नांव बदलून मिळावें हा त्यांचा अर्ज राष्ट्रीय नोंदणी खात्यानें प्रथम फेटाळला आणि नंतर १९९९ त मान्य केला. पण नवें ओळखपत्र हातीं आलें तेव्हां त्यावर 'इस्लाम' हा शब्द होताच. कारण त्याच वर्षीं नियमांत दुरुस्ती होऊन मुसलमानांपुरता धर्माचा उल्लेख ओळखपत्रावर आवश्यक ठरला होता. हा शब्द काढून टाका, असें बाईंनीं म्हणतांच खात्यानें सांगितलें कीं, आधीं धर्म सोडल्याचा शरियत न्यायालयाचा हुकूम आणा. ओळखपत्रावरील एका शब्दासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हें कीं, त्या देशाचा दिवाणी विवाहकायदा मुसलमानांस लागू नाहीं. म्हणून तो शब्द असेपर्यंत या बाईंस ख्रिस्ती वराशीं लग्न करण्याची सोय नव्हती. २००१ सालीं हायकोर्टांत त्या हरल्या. २००५ सालीं अपील कोर्टांत दोनास एक अशा मतांनीं हरल्या. आणि २००७ सालीं फेडरल न्यायालयांतही दोनास एक अशाच मतांनीं हरल्या. तोंवर त्यांनीं चाळिशी ओलांडली होती.

आमच्या वाचकांस येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिंदुस्थानांत मुसलमानांचा विवाहविषयक कायदा निराळा असला, तरी तो लावणारें सरकारी न्यायासन निराळें नाहीं. मलेशियांत तें निराळें आहे. तेथें प्रत्येक राज्याचीं शरियत न्यायालयें आहेत, आणि 'इस्लाम धर्म मानणाऱ्या व्यक्ती' एवढ्यांवरच त्यांचा अधिकार चालावा, असें राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टांत म्हटलें आहे. १९८८ सालीं १२१ व्या कलमांत एक पोटकलम घालण्यांत आलें. शरियत न्यायालयांच्या अधिकारांतील बाबींत हायकोर्टांस अधिकार नाहीं, असें त्याचें तात्पर्य. मुसलमान नवराबायकोंच्या तंट्यांत शरियत न्यायालयानें दिलेला निकाल दिवाणी न्यायालयानें परस्पर फिरवूं नये, हा त्यामागील हेतु होता, आणि तो गैर होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कुंपण घालतांना शेताची हद्द कोणीं मोजावयाची, हें मात्र त्यांत सांगितलेलें नव्हतें. पुढील सारीं भांडणें या हद्दीचीं आहेत.

आतां बहुमताच्या निकालाकडे वळूं. सरन्यायाधीश अहमद फैरुझ यांनीं लिहिलेल्या या निकालाची बाजू दुबळी आहे असें समजणें अन्यायाचें होईल. त्यांचें म्हणणें असें कीं, एखादा मनुष्य एखाद्या धर्मांतून बाहेर पडला कीं नाहीं, हें त्या धर्माच्या शास्त्रावरून ठरणार; तें शास्त्र जाणणारे लोक शरियत न्यायालयांत आहेत, नोंदणी खात्यांत नाहींत. केवळ एका प्रतिज्ञापत्रावर विसंबून कारकुनानें असा निर्णय घेतला, तर ज्याला इस्लामचा कायदा अद्याप मुसलमान मानतो त्याला सरकारी कागद गैरमुसलमान म्हणेल. शिवाय धर्मांत यावें आणि जावें तें लहरीप्रमाणें नव्हे, धर्माच्या नियमाप्रमाणें, असेंही ते बजावतात. हें सर्व वाचतांना सुसंगत वाटतें. घटनेचें अकरावें कलम प्रत्येक व्यक्तीस आपला धर्म मानण्याचा व आचरण्याचा हक्क देतें. त्या हक्कास आम्ही हात लावीत नाहीं, फक्त दार कोणतें तें दाखवितों, अशी न्यायमूर्तींची भूमिका आहे.

परंतु ज्या दाराकडे बोट दाखविलें, तें दार उघडतें कीं नाहीं, हें न्यायमूर्ती पाहात नाहींत. खटला क्वालालंपूरचा. तेथील शरियत न्यायालयाच्या अधिकारांची यादी कायद्यानें दिलेली आहे, आणि त्या यादींत धर्मत्यागाचा निर्णय स्पष्ट शब्दांनीं कोठेंच नाहीं. १९९९ सालच्या एका पूर्वनिर्णयाच्या आधारानें बहुमत म्हणतें कीं, धर्मांत घेण्याचा अधिकार आहे त्या अर्थीं बाहेर पडल्याचें ठरविण्याचा अधिकारही त्यांत गर्भित समजावा. एखाद्या वहिवाटीच्या तंट्यांत असा गर्भितार्थ काढला असता तर आम्ही तक्रार केली नसती. पण येथें त्या गर्भितार्थाच्या पोटांत एका मनुष्याची श्रद्धा अडकली आहे.

आणि मूळ शब्दाकडे तर पुरेसें लक्षच दिलेलें नाहीं. घटना म्हणते 'मानणाऱ्या व्यक्ती'. मानणें ही क्रिया आहे. ती ज्याची त्यानें करावयाची असते. 'मुसलमान कुळांत जन्मलेल्या' किंवा 'मुसलमान म्हणून नोंदलेल्या' असे शब्द घालणें घटनाकारांस अवघड नव्हतें. जी बाई उघडपणें सांगते कीं, मी हा धर्म मानीत नाहीं, तिला त्या धर्माच्या न्यायासनापुढें उभें करावयाचें तर ती तो मानते असें आधींच गृहीत धरावें लागतें. म्हणजे जें सिद्ध व्हावयाचें तेंच गृहीत धरल्यासारखें होतें. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यानें असा दोष केला तर गुरुजी त्याच्या वहींत तांबडी रेघ ओढतात. हायकोर्टानें तर याही पुढें मजल मारली होती: १६० व्या कलमांतील 'मलायी' या शब्दाच्या व्याख्येंत इस्लाम मानणें हें एक लक्षण आहे, तेव्हां मलायी मनुष्य मरेपर्यंत मुसलमानच राहणार! व्याख्या मनुष्यासाठीं असते, मनुष्य व्याख्येसाठीं नसतो, हें येथें साफ विसरलें गेलें.

न्यायमूर्ती रिचर्ड मलांजुम यांचें विरुद्ध मत आम्हीं दोनदां वाचलें. त्यांत आवेश नाहीं; पण बाई कोणत्या पेचांत सांपडली आहे हें त्यांना दिसलें आहे. नोंदणीच्या नियमांत शरियत न्यायालयाच्या हुकुमाची अट कोठेंही लिहिलेली नाहीं, ती खात्यानें आपल्या मनानें घातली, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कांहीं राज्यांत धर्मत्याग हाच शिक्षेस पात्र गुन्हा आहे. अशा ठिकाणीं 'त्या न्यायालयांत जा' असें सांगणें म्हणजे 'जा आणि स्वतःच्या तोंडानें गुन्हा कबूल कर' असें सांगणें होय. मूलभूत हक्काला बाध येणार असेल तेथें अधिकार गर्भित चालत नाहीं, तो स्पष्ट शब्दांनीं दिलेला पाहिजे, असें त्यांनीं म्हटलें, आणि घटनेच्या आठव्या कलमांतील समतेची आठवण दिली. निकालपत्राच्या या भागांत ओळखपत्रामागची स्त्री प्रथमच दिसते.

हें वाचून 'शरियत न्यायालयें म्हणजे अन्याय' असा सोपा निष्कर्ष कोणी काढील, म्हणून एक उलट उदाहरण देतों. नेगेरी सेम्बिलान राज्यांत २००६ च्या जानेवारींत एक वृद्ध स्त्री वारली. जन्मानें मुसलमान, पण आयुष्यभर बौद्ध म्हणून राहिलेली. तेथील शरियत न्यायालयानें तिच्या मुलांची साक्ष ऐकून ती मुसलमान नव्हती असा निर्णय दिला, आणि देह कुटुंबाच्या स्वाधीन झाला. याच्या महिनाभर आधीं क्वालालंपूरच्या हायकोर्टानें मात्र, एव्हरेस्ट मोहिमेंतील मूर्ती या जवानाच्या हिंदु विधवेस, शरियत न्यायालयानें तो मुसलमान झाला होता असें ठरविलें असल्यानें आम्हांस हात घालतां येत नाहीं, असें सांगून परत पाठविलें होतें. त्या बाईस शरियत न्यायालयांत दाद मागतां येत नव्हती, कारण ती मुसलमान नव्हती. दिवाणी न्यायाधीशानें आपल्या अंगची जबाबदारी झटकली, हा आमचा आक्षेप आहे. काझीवर तो नाहीं.

पुढें २९ जानेवारी २०१८ रोजीं याच फेडरल न्यायालयानें इंदिरा गांधी खटल्यांत ही चूक बरीचशी सुधारली. इपोह येथील या शिक्षिकेच्या नवऱ्यानें २००९ सालीं मुसलमान होऊन तिन्ही मुलांचें धर्मांतर तिच्या पाठीमागें करविलें, आणि अकरा महिन्यांची धाकटी मुलगी तो घेऊन गेला. तेथेंही भांडण एका शब्दाचें होतें. अल्पवयी मुलाचा धर्म त्याच्या 'पालकानें' ठरवावा, असें घटनेचें इंग्रजी कलम एकवचनांत सांगतें. मलायी भाषांतरांत 'आई किंवा बाप' असें आलेलें. पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, प्रमाण मानावयाचें इंग्रजी कलम, आणि घटनेच्याच नियमाप्रमाणें एकवचनांत अनेकवचन येतें. म्हणून दोघांचीही संमति पाहिजे. सरकारी कृत्य कायदेशीर आहे कीं नाहीं हें तपासण्याचा दिवाणी न्यायालयांचा अधिकार १२१ व्या कलमानें जाऊं शकत नाहीं, हेंही न्यायमूर्ती झैनुन अली यांनीं त्या निकालांत लिहिलें. त्या पांचांत मलांजुम होते. मुलगी मात्र निकालानंतरही कित्येक वर्षें आईच्या हातीं आली नाहीं.

२०२१ च्या फेब्रुवारींत नऊ न्यायाधीशांनीं आणखी एक भेद केला: मी मुळांतच कधीं मुसलमान नव्हतें, असें म्हणणाऱ्यानें दिवाणी न्यायालयांत यावें, मी होतें पण आतां नाहीं, असें म्हणणाऱ्यानें शरियत न्यायालयांत जावें. पहिल्या वर्गास दार उघडलें याचा आम्हांस आनंद आहे. लीना जॉय दुसऱ्या वर्गांतल्या. त्यांच्यासारख्यांस २००७ सालीं जेथें जावयास सांगितलें होतें, तेथेंच या निकालानेंही जावयास सांगितलें आहे.