वैर आणि वर्चस्व

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत लिव्हरपूलच्या फुटबॉल-संघानें इंग्लंडच्या पहिल्या विभागाचें विजेतेपद विसाव्यांदा मिळविलें, आणि मॅंचेस्टर युनायटेडचीं वीस व लिव्हरपूलचीं वीस अशी बरोबरी झाली. प्रश्न केवळ गणिताचा असता तर दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांमधील श्रेष्ठत्वाचा वाद त्या दिवशीं मिटावयास हवा होता. तो मिटला तर नाहींच; उलट त्याला नवें भरतें आलें. युरोपचा चषक आम्हीं सहा वेळां जिंकला, तुम्हीं तीनच वेळां, असें लिव्हरपूलकरांनीं म्हणावें. असोसिएशनचा चषक आमच्याकडे तेरा वेळां आला, तुमच्याकडे आठच वेळां, असें मॅंचेस्टरकरांनीं उत्तर द्यावें. आणि मग तराजू कोणता खरा यावरूनच नवें भांडण जुंपावें, असा प्रकार झाला.

अशा वादाला वाङ्मयीन मासिकाच्या पानांत जागा कशाला, असें एखादा रसिक विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, हा वाद म्हणजे एक प्रकारची टीकाच होय. थोर कोणास म्हणावें, युग केव्हां सुरू होतें आणि केव्हां संपतें, परिस्थितीनें दिलेलें यश आणि गुणानें मिळविलेलें यश यांत भेद कसा करावा, हे जे प्रश्न आम्ही टीकाकार कवींविषयीं व नाटककारांविषयीं विचारतों, तेच हे लोक दर आठवड्यास, आणि आमच्यापेक्षां कितीतरी अधिक पोटतिडकीनें, विचारीत असतात. तेव्हां त्यांची टीका टीका म्हणून कितपत कसास उतरते हें पाहणें अगदींच अप्रस्तुत नव्हे. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. या मंडळींनीं दोन शब्दांची अदलाबदल करून ठेविली आहे. वर्चस्व ही त्यांच्या लेखीं मोजण्याची वस्तु, आणि वैर ही केवळ भावनेची. वस्तुतः वैराला सन आहेत, कागदपत्र आहेत, दगडविटांचा पुरावा आहे; आणि वर्चस्व मात्र विवेकावांचून नुसतें मोजून कधींच हातीं लागत नाहीं.

मोजणीचा पहिला घोटाळा आरंभाचा. इंग्लंडमधील फुटबॉल लीग १८८८ सालीं बारा क्लबांनीं स्थापिली, आणि पहिल्याच हंगामांत प्रेस्टनच्या संघानें बावीस सामन्यांत एकही हार न खातां विजेतेपद मिळविलें. पुढें १९९२ सालीं पहिल्या विभागांतील बावीस क्लब लीगमधून बाहेर पडले आणि त्यांनीं प्रीमियर लीग या नांवानें निराळा संसार थाटला. टेलिव्हिजनचें उत्पन्न खालच्या विभागांशीं वांटून न घेतां आपल्याच हातीं राहावें, हा त्यांतील मुख्य हेतु. आतां युनायटेडच्या अभिमान्यास १९९२ हा शककर्ता सन वाटतो, कारण त्यानंतरच्या पहिल्या एकवीस हंगामांत तेरा विजेतेपदें त्याच्या संघानें, ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या व्यवस्थापनाखालीं, मिळविलीं. चेल्सीचा अभिमानीही तोच शक मानतो. त्याच्या सहा विजेतेपदांपैकीं पांच त्यानंतरचीं. लिव्हरपूलकर मात्र १८८८ पासून मोजा म्हणून हट्ट धरतो, कारण त्याचीं अठरा विजेतेपदें १९९० पर्यंतचीं, आणि पुढें तीस वर्षें त्याला त्यांत एकाचीही भर घालतां आली नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या सोईचा शक चालू करावा आणि त्याला इतिहास म्हणावें!

१९९२ हा सन हिशेबाच्या वह्यांत मोठा आहे; खेळाच्या इतिहासांत नाहीं. तेच क्लब, तींच मैदानें, बहुतेक तेच खेळाडू. आपल्याच गड्यानें पायानें परत दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये असा नियम त्या वर्षीं झाला खरा, आणि त्यानें खेळाची गति पालटली. पण तो नियम सगळ्या जगासाठीं होता, या नव्या लीगचें तें कर्तृत्व नव्हे. आमच्याकडे अर्वाचीन कविता केशवसुतांपासून मोजण्याची चाल आहे. तिच्यावर आक्षेप पुष्कळ घेतां येतील. परंतु निदान ती कवितेंतील बदलावर उभी आहे, प्रकाशकाच्या करारावर नाहीं.

दुसरा घोटाळा याहून खोल आहे. सर्व विजेतेपदें एकाच किंमतीचीं नाणीं आहेत असें समजून त्यांच्या चळती रचीत जाणें, हा तो घोटाळा. बर्नली, टॉटनहॅम, इप्स्विच, एव्हर्टन, लिव्हरपूल, मॅंचेस्टर युनायटेड, मॅंचेस्टर सिटी, लीड्स, आर्सेनल, डार्बी: १९६० पासून १९७२ पर्यंतच्या तेरा हंगामांत हे दहा क्लब विजेते झाले. उलट १९९३ पासून २०२५ पर्यंतच्या तेहतीस हंगामांत विजेते अवघे सात, आणि त्यांतही ब्लॅकबर्न व लेस्टर हे एकेकदांच. हा फरक खेळाडूंच्या अंगच्या गुणांचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. जुन्या काळीं लीगच्या सामन्यांत तिकिटांच्या उत्पन्नांतून पाहुण्या संघास वांटा मिळत असे. मोठ्या मैदानाच्या धन्यास आपली श्रीमंती थोडीबहुत वांटावीच लागे. १९८३ सालीं तो वांटा बंद झाला, आणि यजमानाची मिळकत यजमानाच्याच घरांत राहूं लागली. त्यापूर्वीं, १९६१ पर्यंत, खेळाडूस आठवड्यास वीस पौंडांहून अधिक वेतन देतां येत नसे; त्यामुळें लहान गांवच्या क्लबांतील गुणी खेळाडू केवळ पगाराच्या मोहानें उठून जाण्याचें कारण नव्हतें. (खेळाडूवर तो धडधडीत अन्याय होता, ही गोष्ट निराळी.) पुढें टेलिव्हिजनचा पैसा आणि युरोपांतील स्पर्धांचें उत्पन्न यांनीं वर असलेल्यांस वरच ठेवण्याची सोय केली.

या दृष्टीनें पाहतां १९७३ ते १९९० या अठरा हंगामांत लिव्हरपूलनें मिळविलेलीं अकरा विजेतेपदें मला युनायटेडच्या तेरांपेक्षां वजनदार वाटतात. त्या काळाचा बराच भाग दार सर्वांना उघडें होतें. १९७७ सालीं खालच्या विभागांतून वर आलेला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ ब्रायन क्लफ यांच्या हाताखालीं पुढल्याच वर्षीं विजेता झाला. १९८१ सालीं ॲस्टन व्हिलानें सबंध हंगाम अवघ्या चौदा खेळाडूंवर काढून विजेतेपद नेलें. जेथें कोणीही उठून राजा होऊं शकतो, तेथें अकरा वेळां राज्याभिषेक करून घेणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

युनायटेडचा अभिमानी यावर म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे, कीं फर्ग्युसन यांनीं जुना संघ मोडून नवा उभारण्याचें काम एकदां नव्हे, अनेकदां केलें, आणि २००३ नंतर चेल्सीच्या पाठीशीं एका रशियन धनिकाची थैली उभी असतांही आपलें स्थान राखलें. लिव्हरपूलचें राज्य एका माणसाचें नव्हतें. शॅंक्ली, पेज्ली, फेगन, डॅल्ग्लिश असा तो वारसा एकाकडून दुसऱ्याकडे आला. एका पुरुषाची प्रतिभा श्रेष्ठ कीं घराण्याची तालीम श्रेष्ठ, हा प्रश्न मोजून सुटणारा नाहीं; पण तो विचारण्याजोगा आहे, आणि या मंडळींपैकीं कांहींना तो फार चांगला विचारतां येतो. असा एखादा गृहस्थ बोलूं लागला म्हणजे त्याचें भाषण आमच्या संमेलनांतील कित्येक भाषणांहून ऐकण्यासारखें असतें.

मॅंचेस्टर सिटीचें नांव निघालें कीं मात्र हा विवेक लोपतो. २००८ सालीं अबूधाबीच्या राजघराण्यांतील शेख मन्सूर यांनीं हा क्लब घेतला. तोंपर्यंत त्याच्या नांवावर दोन विजेतेपदें होतीं, १९३७ चें आणि १९६८ चें. आणि १९३७ च्या विजयानंतर दुसऱ्याच वर्षीं तो खालच्या विभागांत घसरला होता, जो पराक्रम दुसऱ्या कोणत्याही विजेत्यानें केलेला नाहीं! २०१२ ते २०२४ या काळांत त्यानें आणखी आठ विजेतेपदें मिळविलीं; त्यांतील शेवटचीं चार लागोपाठ, आणि तसें त्यापूर्वीं कोणासही साधलें नव्हतें. २०२३ च्या फेब्रुवारींत लीगनें या क्लबावर आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेविले. क्लबानें ते नाकारले. न्यायनिवाडा करणें हें टीकाकाराचें काम नव्हे. परंतु हें यश पैशानें विकत घेतलेलें म्हणून जे नाक मुरडतात, त्यांच्या स्मरणशक्तीची मौज वाटते. १९९५ सालचें ब्लॅकबर्नचें विजेतेपद जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याच्या पैशावर उभें होतें. तें लोकांना परीकथेसारखें गोड लागलें. १९३० नंतरच्या दशकांतील आर्सेनलला तर ‘बॅंक ऑफ इंग्लंडचा क्लब’ हेंच टोपणनांव पडलें होतें. धनाचा आक्षेप खोटा नाहीं. तो नेहमीं दुसऱ्याच्याच धनावर घेतला जातो, एवढेंच. शिवाय पैसा पुष्कळांनीं ओतला; २०१७-१८ च्या हंगामांत शंभर गुण मिळविणें पेप ग्वार्डिओला यांच्याच संघास जमलें.

आतां वैराकडे वळूं. वैर बरोबरीच्या बळांतून उपजतें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती टिकत नाहीं. २०१८-१९ सालीं सिटीला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले व लिव्हरपूलला सत्त्याण्णव; बरोबरी ती याहून निराळी कोणती? तरी त्या चुरशीला लिव्हरपूल व युनायटेड यांच्या वैराची खोली आली नाहीं. उलट टॉटनहॅमचें शेवटचें विजेतेपद १९६१ सालचें. आर्सेनलनें त्यानंतर कितीतरी मिळविलीं. असें असून त्या दोघांचें वैर तसूभरही कमी झालें नाहीं, कारण त्याचें मूळ गुणांच्या तक्त्यांत नाहींच. १९१३ सालीं आर्सेनल थेम्स नदीच्या दक्षिणेकडील आपलें ठिकाण सोडून टॉटनहॅमच्या शेजारीं हायबरी येथें येऊन बसलें. पुढें १९१९ सालीं पहिला विभाग वाढवावयाचा ठरला, तेव्हां टॉटनहॅमला खालीं जावें लागलें, आणि दुसऱ्या विभागांतील आर्सेनलला क्लबांच्या मतदानानें वर घेण्यांत आलें. शेजाऱ्यानें अंगणांत येऊन घर बांधावें आणि मग पंचांनीं आपलें पान उचलून त्याच्यापुढें मांडावें, असा हा प्रकार! लिव्हरपूल व एव्हर्टन यांचें भांडण तर चक्क भाड्याचें. ॲनफील्डच्या मैदानावर आधीं एव्हर्टन खेळत असे. १८९२ सालीं जॉन होल्डिंग यांच्याशीं भाड्यावरून बिनसलें, एव्हर्टन उठून दुसरीकडे गेलें, आणि रिकाम्या मैदानासाठीं होल्डिंग यांनीं नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. कोल्हापुरांतील पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉलचे सामने ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना असें भाऊबंदकीचें वैर समजावून सांगण्याची गरज नाहीं.

लिव्हरपूल आणि मॅंचेस्टर यांचें वैर या सर्वांहून जुनें, कारण तें मुळांत दोन क्लबांचें नसून दोन बाजारपेठांचें आहे. मॅंचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या गोदींत उतरे, आणि त्यावरील बंदराचा आकार मॅंचेस्टरकरांच्या डोळ्यांत सलत असे. अखेर त्यांनीं समुद्रापासून थेट आपल्या गांवापर्यंत जहाजांचा कालवा खणला. तो १८९४ सालीं खुला झाला. मॅंचेस्टरच्या दोन्ही क्लबांच्या मुद्रेवरही गलबत आहे. या कापसाशीं आपलाही संबंध आहे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालू असतां मुंबईच्या बंदरांतून याच लिव्हरपूलकडे कापसाचा ओघ लागला, मुंबईंत सोन्याचा पूर आला, आणि युद्ध थांबतांच कित्येक पेढ्या बुडाल्या. आज मुंबईपुण्याकडील तरुण रात्रीं जागून हे सामने पाहतात आणि कधीं पाऊल न टाकलेल्या गांवाचें वैर हौसेनें अंगावर घेतात. त्यांचे पणजोबा त्या दोन गांवांच्या व्यापारांत होरपळले असतील, हें त्यांच्या गांवींही नसतें.

वैराचें हें वय ध्यानांत घेतलें म्हणजे कांहीं विलक्षण गोष्टींचा उलगडा होतो. युनायटेडला मोठेपण आणणारे मॅट बस्बी हे स्वतः खेळाडू म्हणून सिटीकडून आणि मग लिव्हरपूलकडून खेळलेले होते. त्या काळीं कोणास त्यांत वावगें वाटलें नाहीं. पण १९६४ सालीं एक खेळाडू युनायटेडकडून सरळ लिव्हरपूलकडे गेला, आणि त्यानंतर साठ वर्षें त्या वाटेनें कोणी गेलें नाहीं, आलें नाहीं. म्हणजे आधीं शहरांचें वैर होतें, क्लबांचें नव्हतें. दोघेही वर्चस्वाचे दावेदार झाले तेव्हां क्लबांनीं तें शहरांकडून उसनें घेतलें. फर्ग्युसन यांनींही आपलें मोठें आव्हान म्हणून लिव्हरपूलला त्याच्या उच्चासनावरून खालीं ओढण्याचाच उल्लेख केला होता. प्रतिपक्षावांचून त्यांनाही आपली थोरवी सांगतां आली नाहीं. बालगंधर्वांचे भक्त आणि केशवराव भोसल्यांचे भक्त एकमेकांवर तुटून पडत असत. पण १९२१ सालीं संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग लागला, तेव्हां दोन्ही पक्षांना तिकिटासाठीं एकाच रांगेंत उभें राहावें लागलें.

या वादांत एक जागा मात्र अशी आहे कीं तेथें टीकाकाराला रस घेतां येत नाहीं. १९५८ च्या फेब्रुवारींत म्युनिक येथें विमान कोसळून तेवीस माणसें मेलीं. त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते. १९८९ च्या एप्रिलमध्यें शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरींत लिव्हरपूलचे सत्त्याण्णव चाहते प्राणांस मुकले. दोष त्या चाहत्यांचा नव्हता, हें ज्यूरीच्या तोंडून ऐकण्यासाठीं त्यांच्या घरच्यांना २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. हीं दोन मरणें प्रतिपक्षास डिवचण्यासाठीं मैदानावर गाण्यांतून उच्चारलीं जातात. जे लोक विजेतेपदांचा इतका बारीक हिशेब ठेवतात, त्यांतीलच कांहीं मृतांचाही हिशेब तसाच मांडतात; ज्याला जिंकण्यापलीकडे दुसरी कसोटी ठाऊक नाहीं, त्याला हा आंकडाही इतर आंकड्यांसारखाच कामाचा वाटतो. २०२३ च्या मार्चमध्यें लिव्हरपूलचे युर्गन क्लॉप आणि युनायटेडचे एरिक टेन हाग या दोघांनीं ॲनफील्डवरील सामन्यापूर्वीं मिळून विनंति केली कीं, वैर राहूं द्या, पण मेलेल्यांना त्यांत ओढूं नका. तो सामना लिव्हरपूलनें सात गोलांनीं जिंकला, युनायटेडचा एकही गोल झाला नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं वादाला सात हा नवा आंकडा मिळाला.